बुधवार पेठेतलं माझं हौतात्म्य

पुण्याला जाऊन आलो. जिवंत परत आलो, हे मुद्दाम सांगावं लागतंय, कारण आमच्या अमरावतीच्या कॉलनीत अजूनही काही लोक मला पाहून आधी दचकतात आणि मग नमस्कार करतात. पुण्याला गेलेली माणसं परत येऊन सिंहगडाबद्दल, पिठलं-भाकरीबद्दल आणि मस्तानीबद्दल लिहितात. मी यातलं काहीच पाहिलं नाही. मी माझी स्वतःची श्रद्धांजली पाहून आलो, आणि ती फारशा लोकांना पाहायला मिळत नसल्यामुळे लिहून ठेवतो आहे.

मी नामदेव वानखडे, निवृत्त फायरमन. नोकरी सगळी एका मोठ्या शहराच्या अग्निशमन दलात झाली. तिथल्या बाजारात झालेले ते स्फोट तुम्हाला आठवत असतील. सगळ्या देशाला आठवतात, वर्षातून एकदा. मी त्यांचं नाव घेत नाही. नाव घेतलं की समोरचा लगेच 'आम्ही तेव्हा टीव्हीसमोरच होतो' हे सांगायला लागतो आणि अर्धा तास टीव्हीचं वर्णन ऐकावं लागतं. माझा जोडीदार मिलिंद गजभिये त्या संध्याकाळी नळी घेऊन आत गेला. मी बाहेर पंपावर होतो. दुसरा स्फोट झाला तेव्हा तो आतच होता. एवढंच, याहून जास्त मला सांगता येत नाही.

मिलिंदची बायको सुमनवहिनी आता पुण्यात खराडीला असते, मुलीकडे. मुलगी प्रज्ञा संगणकाच्या कंपनीत आहे. वहिनी इतक्या वर्षांत एकाही स्मृतिदिनाला गेली नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं. दरवर्षी ते लोक फोटोला हार घालतात आणि दरवर्षी माणसाला नव्यानं मारतात. यंदा बुधवार पेठेतल्या एका समितीनं पुण्यात राहणाऱ्या कुटुंबांसाठी कार्यक्रम ठरवला. गेलेल्यांना श्रद्धांजली आणि मदतीला धावलेल्यांचा सत्कार, एकाच मांडवात. प्रज्ञानं आईच्या मागं लागून लागून तिला तयार केलं. वहिनीनं दोन अटी घातल्या. एक, नामदेवभाऊजी सोबत पाहिजेत. दुसरी, ह्यांच्या फोटोला हार घालायचा नाही.

प्रज्ञानं समितीला आमचा दोघांचा बंबासमोर उभा असलेला जुना फोटो आणि नावं पाठवली, एक श्रद्धांजलीसाठी आणि एक सत्कारासाठी. हाराची अट कळवायचं काम माझ्याकडे आलं. समितीचे चिटणीस परांजपे म्हणून गृहस्थ. मी फोन केला.

"नमस्कार, ते गजभियेंच्या फोटोबद्दल बोलायचं होतं. त्याला हार घालू नका, एवढी विनंती आहे."

"घालणार नाही. अजून काही?"

"नाही, मी अमरावतीहून..."

"मुद्दा कळला. ठेवतो."

पुण्यात फोन असा होतो हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे चुकीचा नंबर लागला तरी लोक पाऊसपाणी विचारून ठेवतात.

खराडी

प्रज्ञाच्या सोसायटीत शिरण्यापेक्षा पेटलेल्या गोदामात शिरणं सोपं. फाटकावर माझा फोटो काढला, मग वर फोन गेला, मग मोबाइलवर एक आकडा आला, तो मी वाचून दाखवला, तेव्हा कुठे दांडी वर झाली. एवढा बंदोबस्त पाहून मी खूश झालो आणि सवयीनं जिन्याकडे गेलो. आगीच्या वेळी उतरायच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर चपलांचे स्टँड, दोन सायकली आणि एक न्हाव्याची वाटावी अशी खुर्ची. नळीच्या लाल पेटीत नळी होती, पण तिच्यावर फिनेलची बाटली आणि झाडू ठेवलेला. म्हणजे माझ्यासारख्या अमरावतीच्या म्हाताऱ्याला आत यायला परवानगी लागते, आग मात्र केव्हाही येऊ शकते. प्रज्ञा म्हणाली, "काका, प्लीज, सोसायटीच्या ग्रुपवर काही टाकू नका हं. ऑलरेडी पार्किंगवरून वॉर चालू आहे."

घरात दाराजवळच, किल्ल्या अडकवायच्या खुंटीशेजारी, मिलिंदचा फोटो. हसणारा. हार नाही, उदबत्ती नाही. पलीकडच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्यासमोर ताजी फुलं. वहिनीनं मी कुठे पाहतोय ते ओळखलं.

"जित्या माणसाच्या फोटोले हार घालते का कोणी? मंग? माझ्या घरात मी ठरवीन."

पुण्यात राहून वहिनीची भाषा सुधारली आहे असं प्रज्ञा सांगते. माझ्याशी बोलताना ती परत बिघडते, आणि मला बरं वाटतं.

जेवायला वहिनीनं झुणका केला होता, आपल्याकडचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. दुपारी मात्र प्रज्ञानं बाहेरून खास पुणेरी मिसळ मागवली. आमच्याकडे तर्री म्हणजे माणसाच्या धैर्याची परीक्षा असते. या मिसळीत फरसाणाखाली पोहे निघाले, पोह्यांखाली बटाट्याची भाजी निघाली आणि सगळ्यांच्या खाली बहुतेक साखर असावी. मी छान आहे म्हणालो. पाहुण्यानं तेवढं म्हणावं.

मंडईहून पुढे

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जागा पाहून यावी म्हणून मी एकटाच निघालो. बाहेर पडायच्या वाटा किती, पाणी कुठे, हे पाहिल्याशिवाय मी लग्नातसुद्धा पंगतीला बसत नाही. रामवाडीहून मेट्रो पकडली, मध्ये एकदा बदलली आणि मंडईला जमिनीखालून वर आलो. मंडईत एका बाईला विचारलं, "ही वांगी भरायला चांगली आहेत का?" ती म्हणाली, "वाईट असती तर इथं मांडली असती का?" मी अर्धा किलो घेतली.

बुधवार पेठेत तारा, दिवे, चार्जर आणि पुस्तकं यांच्यामधून वाट काढत चौकात पोचलो. मांडव उभा होता. वर प्रचंड फ्लेक्स. त्यावर हात जोडलेले स्थानिक पुढारी, प्रत्येकाचं डोकं भोपळ्याएवढं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते लोक खाली, लिंबाएवढे. डाव्या बाजूला 'भावपूर्ण श्रद्धांजली', उजव्या बाजूला 'कृतज्ञता सत्कार'.

डाव्या बाजूला मी होतो.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. 'हुतात्मा कै. नामदेव वानखडे.' खाली माझा तरुणपणीचा, टोपी घातलेला, कपाळाला आठ्या पडलेला फोटो. एक माणूस शिडीवर चढून नमुना म्हणून झेंडूचा हार बसतो का ते पाहत होता. बसत होता. आणि उजव्या बाजूला, सत्कारमूर्तींच्या रांगेत, बिनहाराचा मिलिंद खुशाल हसत होता.

पांढरा शर्ट, हातात पिशवी, असे एक गृहस्थ शिडीवाल्याला 'सरळ म्हणजे सरळ' याचा अर्थ समजावून देत होते. आवाजावरून ओळखलं. परांजपेच.

"नमस्कार. मी वानखडे."

"कोण वानखडे?"

मी वर बोट दाखवलं.

त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ते हुतात्मा आहेत."

"अजून नाही."

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. परांजप्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "दोन माणसं, एक गेलेलं. कुठलं ते मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं, यादी करताना आमच्यात मतभेद झाले. तेवढ्यात फोन आला, गजभियेंच्या फोटोला हार घालू नका. हार कुणाच्या फोटोला घालत नाहीत? जिवंत माणसाच्या. म्हणजे गजभिये हयात. उरलात आपण."

"तो फोन मीच केला होता."

"मग आपण हयात आहात हे सांगायचं होतं."

"तुम्ही फोन ठेवलात."

"मुद्दा संपला होता," परांजपे म्हणाले. "शिवाय, रागावू नका, पण आपला चेहरा श्रद्धांजलीचा आहे. ते गजभिये पाहा, किती प्रसन्न."

बायकोही लग्नापासून तेच सांगते आहे.

मी विचारलं, आता काय करायचं? परांजपे म्हणाले, फ्लेक्स पुन्हा छापायला वेळ नाही, पण त्यात अवघड काही नाही. नावांवर कागद चिकटवू आणि तुमचा हार काढून गजभियेंना घालू. हे बोलून ते शिडीवाल्याकडे वळलेसुद्धा. मी ओरडलोच, "नाही! तेवढं करू नका." एवढ्या वर्षांनी ती बाई घरातून निघणार आणि इथे येऊन तिनं तेच पाहायचं? परांजप्यांनी मला तिथल्याच एका खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, वहिनीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्यांनाच विचारा. मात्र आज संध्याकाळपर्यंत. उद्या मला वेळ नाही."

निघताना मी मांडवाकडे एकदा नीट पाहिलं. आगीत धावून गेलेल्यांच्या सन्मानासाठी घातलेल्या त्या मांडवातून बाहेर पडायला एकच वाट होती, आणि तिच्यात प्रमुख पाहुण्यांचा सोफा ठेवला होता. तो तेवढा हलवून घेतला. मेल्यानंतर माणसाच्या शब्दाला वजन येतं, हे खरं असावं.

पुन्हा खराडी

परतीच्या मेट्रोत मी मनात वाक्यं जुळवत होतो. एकही जुळलं नाही. वांग्यांची पिशवी वहिनीच्या हातात दिली आणि सरळ सगळं सांगून टाकलं. प्रज्ञा भडकली. "धिस इज सो इनसेन्सिटिव्ह! आई, आपण जायचंच नाही. मी मेल टाकते त्यांना."

वहिनीनं पिशवी उघडली. वांगी ताटलीत काढली, एकेक देठ पाहिला. मला वाटलं संपलं, आता पुढं कधीच ही कुठे जायची नाही. आणि मला खूप वाईट वाटलं, कारण ती यावी असं मलाच तिच्याहून जास्त वाटत होतं. मिलिंदबद्दल बोलायला मला दुसरं माणूस राहिलेलं नाही.

मग तिनं विचारलं, "सत्कारवाल्याइले नाव घेऊन वर बोलावते काय?"

"बोलावतात. माइकवरून."

"श्री लावून?"

"लावतातच."

"मंग बोलावू द्या त्याइले." तिनं वांगी बाजूला सारली. "पण भाऊजी, तुमाले तेवढ्यापुरतं मेलेलं राहा लागंल."

मी म्हणालो, "घरीही मला तसं कुणी विचारत नाही. सवय आहे."

ती हसली. नंतर बराच वेळ डोळे पुसत राहिली. प्रज्ञाही तिच्याजवळ जाऊन बसली आणि मेल काही टाकली नाही.

परांजप्यांना फोन वहिनीनंच केला, स्पीकरवर ठेवून. आपल्या सुधारलेल्या भाषेत तिनं सांगितलं की आपण लावलंय तसंच असू द्या, काही बदलू नका, आणि नाव घ्यायचं राहू देऊ नका. पलीकडून इतका वेळ काही आलं नाही की मला वाटलं, ठेवला बहुतेक. मग आवाज आला, "बरं. सहाला सुरू. सहा म्हणजे सहा."

मांडव

सहा म्हणजे सहा. प्रमुख पाहुणे आले नव्हते, पण परांजप्यांनी घड्याळ पाहून सुरुवात केली. हे मात्र मला फार आवडलं. आमच्याकडे पाहुणा येईपर्यंत गेलेल्यालाही थांबवून ठेवतात.

आधी दोन मिनिटं स्तब्धता. चौकात रिक्षावाल्यांनी आणि टेम्पोवाल्यांनी आपापल्या परीनं हॉर्न वाजवून तीत भाग घेतला. मागे कुणाच्या तरी फोनवर लावणी वाजली. मग श्रद्धांजलीची नावं. एकेक नाव, एकेक पणती. 'हुतात्मा नामदेव वानखडे' आल्यावर सगळ्यांबरोबर मीही हात जोडले. नसते जोडले तर शेजारचे लोक म्हणाले असते, काय हा उद्धट म्हातारा.

शेजारच्या बाईंनी माझ्या फोटोकडे पाहून उसासा टाकला. "किती तरुण होता हो."

"फार चांगला माणूस होता," मी म्हणालो.

"आपण ओळखत होतात?"

"अगदी जवळून."

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. अमरावतीहून मेहुणा. कुणीतरी मांडवाचा फोटो सगळीकडे पाठवला होता. मी उचलून हळूच 'हॅलो' म्हणालो, तर पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद. यानंतर घरी काय झालं ते वेगळं लिहिण्यासारखं आहे, पण बायको लिहू देणार नाही.

आता प्रमुख पाहुणे आले. हारतुरे झाले. त्यांनी मोबाइलमध्ये पाहून भाषण केलं. म्हणाले, आपण या वीरांना कधीही विसरू शकत नाही, आणि पुढचं नाव आठवेना म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये पाहिलं. मग म्हणाले, "वानखडे तर माझ्या अगदी घरोब्यातले. शेवटपर्यंत मला फोन करायचे." मी त्यांना आयुष्यात प्रथमच पाहत होतो. गेलेल्या माणसाचे स्नेही असे वाढत जातात. गेलेला सहसा ऐकायला नसतो, एवढंच.

मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फोटो, पुढचा. एक परिचारिका, एक रुग्णवाहिकेचे चालक, जखमींना हातगाडीवरून नेलेले एक दुकानदार. परांजपे माइकवर घड्याळ लावून उभे होते. कुणी शालीत रेंगाळलं तर 'धन्यवाद' असं म्हणत की माणूस आपोआप खाली उतरे.

वहिनी माझ्या पलीकडे, प्रज्ञाचा हात धरून बसली होती.

"अग्निशमन दलाचे," परांजपे म्हणाले आणि थांबले. "श्री. मिलिंद गजभिये. श्री. मिलिंद गजभिये यांनी कृपया मंचावर यावं."

टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्या. कुणी उठलं नाही.

मला वाटलं, आता 'अनुपस्थित' म्हणून परांजपे पुढचं नाव घेतील. त्यांनी घेतलं नाही. दुसऱ्याच्या फोनवरचं वाक्य पुरं होऊ न देणारा तो माणूस माइक हातात धरून उभा राहिला. पाहुण्यांनी शाल उलगडून धरली होती, त्यांचे हात अवघडले, त्यांनी दोनदा वळून पाहिलं. परांजप्यांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते मांडवाच्या तोंडाकडे पाहत होते, बाहेरून माणूस यायचाच आहे असे. त्यांच्यामुळे पुढच्या रांगा मागे वळल्या, मग मधल्या, मग सगळा मांडव वळून वाटेकडे पाहायला लागला. काल सोफा हलवला होता, त्यामुळे वाट मोकळी होती.

मग वहिनी उठली. सावकाश पायऱ्या चढून वर गेली. परांजप्यांनी माइक किंचित पुढं केला आणि विचारलं, "गजभिये?"

"ड्यूटीवर आहेत," वहिनी म्हणाली.

लोकांनी आधीपेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पाहा, आजच्या दिवशीसुद्धा!" मी मान हलवली.

परत

निघताना परांजपे एक गुंडाळी घेऊन आले. फ्लेक्सवरचा माझा तुकडा कापून आणला होता, कैलासवासीसकट. "हा आपला. पुढे लागेल तेव्हा छपाई वाचेल," म्हणाले. मग वहिनीकडे वळून हात जोडले आणि खुर्च्या मोजायला गेले. मिलिंदचा तुकडा त्यांनी कुणी न मागताच आधीच प्रज्ञाकडे दिला होता, नीट घडी करून.

मेट्रोत गर्दी नव्हती. वहिनी मांडीवर नारळ ठेवून बसली होती, शाल खांद्यावरच. प्रज्ञा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली. रामवाडी जवळ आली तेव्हा वहिनी खिडकीकडे पाहत म्हणाली, "भाऊजी, ते परांजपे थांबले ना माइक धरून... सगळ्याइनं वळून पाह्यलं."

"हो."

"मीबी पाह्यलं."

गाडी थांबली, आम्ही प्रज्ञाला उठवलं आणि उतरलो. फलाटावर मग मी तिला सांगितलं की मीही पाहिलं होतं.